गोंडा आणि शिंग

श्रोतेहो, नमस्कार.

दिवेलागणीला ढोरं रानातून परतू लागली की आमचे आबाजी पांदणीच्या तोंडाशी जाऊन उभे राहायचे. धुळीत सगळी जनावरं सारखीच दिसत. पण पांदण अरुंद, त्यामुळे एकामागून एकच जनावर बाहेर पडे. आमच्या गाईच्या गळ्यात लाल गोंडा होता. तसाच गोंडा शेजाऱ्यांच्या गाईलाही असे, म्हणून आबाजी गोंडा आणि वाकडं शिंग, दोन्ही पाहिल्याशिवाय गाय घराकडे वळवत नसत.

आज मी प्रयोगशाळेत रक्तातल्या टी पेशी ओळखते, तेव्हा मला ती पांदण आठवते.

टी पेशी म्हणजे आपल्या प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते, तिथे त्या परिपक्व होतात, म्हणून टी. काही टी पेशी रोगजंतू शिरलेल्या पेशींना मारतात, काही इतर पेशींना कामाला लावतात. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र टी पेशी आणि बी पेशी नावाच्या दुसऱ्या पांढऱ्या पेशी अगदी एकसारख्या दिसतात : गोल, मधोमध मोठं गडद केंद्रक. नुसत्या डोळ्यांनी पाहून त्या वेगळ्या करता येत नाहीत.

फरक असतो तो त्यांच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांत. सीडी-३ हे प्रथिन टी पेशींची खूण. त्यांतल्या मदतनीस पेशींवर सीडी-४, मारक पेशींवर सीडी-८. या खुणेला नेमकं जाऊन चिकटणारं प्रतिपिंड, म्हणजे शरीर जंतूंना धरण्यासाठी बनवतं तसं प्रथिन, घ्यायचं आणि त्याला चमकणारा रंग जोडायचा. १९४१ साली अल्बर्ट कून्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रतिपिंडाला असा रंग जोडून दाखवला. पुढे १९७५ मध्ये कोहलर आणि मिल्स्टाइन यांनी एकाच खुणेला धरणारी प्रतिपिंडं हवी तितकी तयार करण्याची रीत शोधली, आणि मग या कामाला खरा वेग आला.

रंग लावलेल्या पेशी फ्लो सायटोमीटर या यंत्रात जातात. तिथे द्रवाच्या बारीक धारेतून त्या एकामागून एक निघतात, आणि वाटेत प्रत्येकीवर लेसरचा निळा प्रकाश पडतो. एक रंग हिरवा चमकतो. दुसरा, लाल शेवाळातून मिळवलेला, नारिंगी चमकतो. सेकंदाला हजारो पेशींची ही चमक मोजली जाते.

आता गोंड्याची गोष्ट. सीडी-४ दिसलं की ती टी पेशी, असं समजलं तर फसगत होते. मोनोसाइट नावाच्या पेशींवरही थोडं सीडी-४ असतं. म्हणून सीडी-३ आणि सीडी-४, दोन्ही एकाच पेशीवर चमकले तरच मी ती मदतनीस टी पेशी म्हणून मोजते. हा नियम मी कधीच सोडत नाही, कारण एचआयव्हीबाधित माणसाची प्रतिकारशक्ती किती उरली आहे, हे याच आकड्यावरून कळतं. निरोगी प्रौढाच्या एका मायक्रोलिटर रक्तात साधारण ५०० ते १,५०० सीडी-४ पेशी असतात. २०० च्या खाली गेल्या की एरवी निरुपद्रवी असलेले जंतूही जिवावर उठतात. आज एचआयव्हीचे उपचार हा आकडा न बघताच सुरू होतात, ते योग्यच आहे. तरी न्यूमोनियासारख्या संसर्गापासून कुणाला आधीच जपायचं, ते यावरून ठरतं.

आणखी एक गोष्ट आपल्या भागासाठी फार महत्त्वाची आहे. मेलेल्या पेशी कुठल्याही प्रतिपिंडाला चिकटून बसतात आणि खोटी चमक देतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो. तालुक्याहून एसटीने नमुना आणताना नळी खिडकीपाशी उन्हात राहिली, तर वाटेतच पेशी मरू लागतात. बर्फात थेट ठेवली तरीही त्या बिघडतात. नळी सावलीत, खोलीच्या साध्या तापमानाला ठेवायची आणि शक्यतो त्याच दिवशी पोचवायची. नमुना घेऊन येणाऱ्या ताईंना मी नळी सुती कापडात गुंडाळून पिशवीच्या मधोमध ठेवायला सांगते. परवा एक नळी अशीच आली. दोन्ही रंग स्वच्छ वेगळे दिसले, आणि त्या माणसाचा आकडा मी निर्धास्तपणे लिहिला.

नमस्कार.