हलका बूट, चपळ खेळाडू आणि पकडीचा प्रश्न

मित्रहो, बास्केटबॉलचा नवा बूट हाती आला की आपण सगळेच आधी एक गोष्ट करतो: तो तळहातावर घेऊन तोलून पाहतो. हलका लागला की निम्मा निर्णय तिथेच झालेला असतो, आणि पायात घालून चार पावले टाकेपर्यंत उरलेला निम्माही होऊन जातो. चपळ खेळाडूंसाठी बनवलेला, हलका आणि चटकन प्रतिसाद देणारा बूट कसा पारखावा, हा आजचा विषय आहे. त्याबाबतचे माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. आधी पकड पाहावी, मग पाय बुटात कसा बसतो ते पाहावे, मग तळाचा प्रतिसाद पाहावा आणि हे सगळे मनासारखे असेल तरच वजनाकडे वळावे. आपण नेमके उलट्या क्रमाने जातो आणि त्यामुळे चांगल्या खेळाडूंच्या पायात चुकीचे बूट येतात.

हा क्रम का, ते समजण्यासाठी चपळ खेळाडू मैदानावर काय करतो ते पाहिले पाहिजे. ऑस्ट्रेलियातील पुरुष खेळाडूंच्या हालचालींची मोजदाद करणारा एक अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. एका सामन्यात एक खेळाडू सरासरी सुमारे एक हजार वेळा हालचालीचा प्रकार बदलतो, म्हणजे साधारण दर दोन सेकंदांनी एकदा, असे त्यात दिसून आले. धावणे, थांबणे, बाजूला सरकणे, उडी, पुन्हा वळणे. मैदान जेमतेम २८ मीटर लांब असते, त्यामुळे सरळ रेषेत पूर्ण वेग गाठण्याची संधी फार थोड्या वेळा मिळते. पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन चाली रचणारा खेळाडू, बचावपटूला मागे टाकतो तो क्षण आठवा. तो वेगाने येतो, एक पाय रोवतो, खांद्याची हुलकावणी देतो, आणि बचावपटूचे वजन चुकीच्या पायावर गेले असतानाच दुसरीकडे निघतो. त्या चालीचे यश पाय रोवण्यावर ठरते. पाय बोटभर जरी घसरला तरी बचावपटूला सावरायला तेवढा वेळ मिळतो.

आता याचा साधा हिशेब मांडू. पाय जमिनीला जो आडवा जोर लावतो त्याला जमिनीने धरून ठेवायला हवे, आणि ते धरणे घर्षणावर अवलंबून असते. जोराची दिशा उभ्या रेषेशी ४५ अंशांचा कोन करत असेल, तर बूट न घसरण्यासाठी घर्षणाचा गुणांक, म्हणजे तळ आणि जमीन यांच्यातील पकडीचे माप, किमान १ हवा. तो ०.८ असेल तर सुमारे ३९ अंशांच्या पुढे झुकताच पाय निसटतो. म्हणजे खेळाडू किती झुकू शकतो, पर्यायाने किती तीव्र वळण घेऊ शकतो, याची मर्यादा बुटाचा तळ ठरवतो. याच क्षणी बूट शंभर ग्रॅमने हलका असण्याचा उपयोग किती? पंचाहत्तर किलोचे शरीर थांबवताना पायावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो. त्यापुढे शंभर ग्रॅम जवळजवळ जाणवतच नाहीत.

वजनाचा फायदा अजिबात नसतो असे मी म्हणत नाही. पायाला बांधलेले वजन प्रत्येक पावलाला पुढे न्यावे आणि थांबवावे लागते. धावण्याच्या अभ्यासांमधून प्रत्येक बुटामागे शंभर ग्रॅम वाढले की ऊर्जेचा खर्च साधारण एक टक्क्याने वाढतो असे वारंवार दिसले आहे. दीर्घ अंतर धावणाऱ्याला हा एक टक्का मोलाचा आहे, आणि बास्केटबॉलच्या चौथ्या, म्हणजे शेवटच्या क्वार्टरमध्येही त्याचा काही अंश जाणवत असावा. पण पहिल्या पावलाची झेप आणि दिशाबदल यांचा प्रश्न वेगळा आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बास्केटबॉलच्या बुटाचे वजन, तळाची पकड आणि चवड्याकडचा ताठपणा हे तीन गुण वेगवेगळे बदलून खेळाडूंच्या हालचाली मोजल्या गेल्या. वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटवूनही कामगिरीत फरक पडला नाही. सर्वांत मोठा परिणाम पकडीचा दिसला.

त्यानंतरचा, २०१६ चा एक प्रयोग मला याहूनही उद्बोधक वाटतो. खेळाडूंना सुमारे ३५० ग्रॅमपासून ६४० ग्रॅमपर्यंतच्या तीन वेगवेगळ्या वजनांचे बूट देऊन उभी उडी आणि बाजूची सरपट मोजण्यात आली. ज्यांना वजनातला फरक सांगितला होता, त्यांची कामगिरी हलक्या बुटात सुमारे दोन टक्क्यांनी सुधारली. ज्यांना सांगितला नव्हता, त्यांच्या कामगिरीत फरक दिसला नाही. बूट तेच आणि चाचण्याही त्याच. हलकेपणाच्या जाणिवेने खेळाडू अधिक जोर लावत होता. ही जाणीव खोटी म्हणून झटकून टाकावी असे माझे मत नाही. आत्मविश्वास हाही खेळाचा भाग आहे. पण बूट पारखणाऱ्याने त्यापासून सावध राहिले पाहिजे, कारण 'या बुटात मी जलद झालो' असे सांगणारा खेळाडू प्रामाणिकपणे बोलत असतो आणि तरीही कारण बुटात नसू शकते.

उद्योगाने मात्र वजनाची शर्यत मनापासून लढवली आहे. २०११ मध्ये आदिदासने 'क्रेझी लाइट' आणला तेव्हा ९.८ औंस, म्हणजे सुमारे २७८ ग्रॅम, हाच त्याच्या प्रसिद्धीचा गाभा होता. पुढे २०२० मध्ये अंडर आर्मरने स्टीफन करीच्या 'करी फ्लो ८' या बुटाच्या तळावरून रबर पूर्णपणे काढून टाकले आणि फोमचाच तळ जमिनीला टेकवला. या दुसऱ्या प्रयत्नाबद्दल मला विशेष आदर वाटतो, कारण तिथे वजन घटवताना पकडीचा विचार सोडलेला नव्हता. वजन कुठून कमी केले, हा प्रश्न प्रत्येक हलक्या बुटाबाबत विचारावा. अनावश्यक रबर, जाड अस्तर, शोभेचे थर यांतून ते गेले असेल तर उत्तम. पण तळाच्या बाहेरच्या कडेची रुंदी, टाचेभोवतीची ताठ वाटी किंवा चवड्याच्या बाजूचा आधार कापून ते घटवले असेल, तर खेळाडूकडून नको ती किंमत वसूल होते.

इथून आपण पाय बुटात बसण्याकडे येतो. माझ्या मते या भागाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. बुटाने जमीन घट्ट धरली, पण आत पाय सरकला, तर ती पकड वाया गेली. एका मुलाचा बूट मी एकदा सरावानंतर उघडून पाहिला. त्याची तक्रार अशी होती की वळताना बूट 'उशिरा येतो'. आतली गादी बाहेर काढली तेव्हा तिच्यावर करंगळीच्या बाजूने चकचकीत, घासून गुळगुळीत झालेला पट्टा दिसला आणि गादीची कड आतून वर वळली होती. प्रत्येक वळणावर त्याचा चवडा बाहेरच्या कडेवर चढत होता आणि मग बूट त्याच्यामागून येत होता. त्याच्या अंगठ्याचे नखही काळे पडले होते, कारण थांबताना पाय पुढे सरकून टोकावर आपटत होता. बूट अर्ध्या मापाने मोठा होता आणि वरचे विणलेले कापड सैल पडले होते. वजन मात्र अगदी कमी होते, आणि त्याच कारणाने त्याने तो निवडला होता.

वरच्या भागाचा आधार अपुरा पडला तर काय होऊ शकते, याचे सर्वांनी पाहिलेले उदाहरण २० फेब्रुवारी २०१९ चे आहे. ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलिना या अमेरिकी विद्यापीठांमधील सामन्याच्या पहिल्याच मिनिटात ड्यूकच्या झायन विल्यमसनने पाय रोवला आणि त्याचा डावा बूट तळापासून फाटून पाय बाहेर आला. त्याचा उजवा गुडघा दुखावला. तो असामान्य ताकदीचा आणि वजनाचा खेळाडू आहे, त्यामुळे त्या घटनेवरून सर्व हलक्या बुटांना दोष देणे योग्य ठरणार नाही. पण बुटाचे मूल्यमापन खेळाडूच्या शरीराला सोडून करता येत नाही, एवढे त्यातून घ्यावेच लागते. साठ किलोच्या गार्डला जो बूट घट्ट धरतो, तोच नव्वद किलोच्या तितक्याच चपळ खेळाडूला अपुरा पडेल.

आता 'प्रतिसाद' या शब्दाबद्दल. तो दोन अर्थांनी वापरला जातो आणि दोन्ही अर्थ मिसळल्याने घोटाळा होतो. एक अर्थ असा की दाबलेला फोम परत उसळून ऊर्जा परत देतो. दुसरा अर्थ असा की पायाने ठरवलेली हालचाल जमिनीपर्यंत विलंब न होता पोहोचते. जाड आणि मऊ फोम पहिल्या अर्थाने चांगला ठरू शकतो. तो दाबला जाण्यास आणि परत येण्यास वेळ लागतो, आणि उभ्या उडीत किंवा लांब धावेत तो वेळ मिळतो. वळणाच्या पावलात पाय जमिनीवर सेकंदाच्या एका छोट्या अंशापुरता असतो आणि भार तिरका पडतो. तिथे मऊ फोम बाहेरच्या बाजूला दबून कलतो. अशा वेळी चपळ खेळाडूला दुसरा अर्थ अधिक उपयोगी आहे: चवड्याखाली पातळ, थोडा घट्ट थर, जमिनीची स्पष्ट जाणीव, आणि टाचेला उतरताना पुरेसे आच्छादन. दाबलेल्या हवेच्या पिशवीत ताणलेले धागे असलेली रचना चवड्याखाली छान काम करते, कारण ती पातळ राहूनही लवकर परत येते.

पाय जमिनीपासून जितका उंच, तितकी घोटा मुरगळवणाऱ्या जोराची तरफ लांब, हे यांत्रिकीचे साधे तत्त्व आहे. २००१ मध्ये ऑस्ट्रेलियात बास्केटबॉलमधील घोट्याच्या दुखापतींचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दहा हजारांहून अधिक वेळा खेळाडू मैदानात उतरल्याची नोंद घेण्यात आली होती. पूर्वी घोटा दुखावलेल्यांना पुन्हा दुखापतीचा धोका जवळजवळ पाचपट आढळला, आणि टाचेत हवेच्या पिशव्या असलेले बूट घालणाऱ्यांना तो चारपटीहून अधिक आढळला. आजच्या बुटांची रचना बदलली आहे, म्हणून तो आकडा जसाच्या तसा लावू नये. टाचेचा भाग किती मऊ आणि किती उंच आहे, हे तपासण्याचे कारण मात्र त्यातून मिळते.

बुटाच्या कॉलरच्या, म्हणजे घोट्याभोवतीच्या वरच्या कडेच्या, उंचीबद्दल थोडक्यात सांगतो. १९९३ च्या एका यादृच्छिक प्रयोगात ६२२ महाविद्यालयीन खेळाडूंना उंच, हवेचे कप्पे असलेले उंच आणि बुटके यांपैकी एका प्रकारचे बूट दिले होते आणि घोट्याच्या दुखापतींत लक्षणीय फरक दिसला नाही. दुखापती एकूण पंधराच होत्या, त्यामुळे फरक नाहीच असे ठामपणे म्हणता येत नाही. तरीही बुटका बूट म्हणजे धोका, ही जुनी समजूत त्यातून टिकत नाही. एनबीए या अमेरिकी व्यावसायिक लीगमधील गार्ड कोबे ब्रायंटने फुटबॉलपटूंचे बूट पाहून स्वतःसाठी बुटक्या कॉलरचा बूट मागितला, तो २००८ च्या अखेरीस आला, आणि त्यानंतर गार्डांमध्ये हा प्रकार सर्रास झाला. ज्याचा घोटा आधी दुखावला आहे, त्याने कॉलरवर विसंबण्यापेक्षा टेप किंवा ब्रेस वापरावा आणि तोल सुधारण्याचा व्यायाम करावा.

प्रत्यक्ष चाचणी कशी करावी, ते आता सांगतो. सामन्यात घालता तेच मोजे घाला आणि पाय थोडा सुजलेला असतो अशा वेळी, म्हणजे सरावानंतर, बूट घालून पाहा. नाडी बांधून चवड्यावर वाका. टाच वर उठली तर पुढे जाऊ नका. मग स्वच्छ लाकडी मैदानावर बाजूला सरकून अचानक थांबा, आधी निम्म्या जोराने, मग पूर्ण. त्यानंतर हेच धुळीच्या भागात करा, कारण मऊ रबर नव्या फरशीवर उत्तम चिकटते आणि धूळ बसताच निसटू लागते. किती पावलांनी तळ हाताने पुसावासा वाटतो, ते मोजा. पकड अति असली तरी चांगले नाही. पाय जागीच अडकला आणि शरीर वळत राहिले, तर ताण गुडघ्यावर येतो, म्हणून चवड्यावर फिरताना बूट थोडा सुटतो की नाही, हेही पाहा.

वेळ मोजायची असेल तर जुना आणि नवा बूट आलटून पालटून घाला आणि प्रत्येकाच्या किमान पाच-सहा फेऱ्या घ्या, म्हणजे थकवा एकाच बुटाच्या खात्यावर जमा होणार नाही. शक्य असेल तर वजनाचा आकडा खेळाडूला शेवटपर्यंत सांगू नका. त्याला मोकळे प्रश्न विचारा: पाय कुठे सरकला, कुठे चावला, कोणत्या पावलाला मन कचरले. मन कचरले ते पाऊल मी नेहमी पुन्हा करून घेतो. बहुतेक वेळा तिथे पकड किंवा बाहेरच्या कडेचा आधार कमी असतो.

पहिल्या दिवशी जे जाणवते ते महिन्याभरानंतर तसेच राहत नाही. हलक्या बुटात रबर पातळ असते आणि खडबडीत सिमेंटच्या मैदानावर ते झपाट्याने झिजते, म्हणून बाहेर खेळणाऱ्याने हा प्रकार शक्यतो टाळावा. चार आठवड्यांनी बूट उलटा करून अंगठ्याच्या गाठीखालची नक्षी पाहा, कारण चपळ खेळाडू जोर तिथेच लावतो. ती सपाट झाली असेल, किंवा मिडसोलवर, म्हणजे तळाच्या वरच्या फोमच्या थरावर, अंगठा दाबल्यावर पडलेल्या सुरकुत्या परत भरत नसतील, तर वर सांगितलेली थांबण्याची चाचणी त्याच बुटात पुन्हा घ्या आणि पहिल्या दिवशीच्या नोंदीशी ताडून पाहा.