उंची नको, वारा मोजा

(पुण्यात डोंगरभटक्यांच्या एका मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

समोर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी पोरांना सिंहगडावर चालवलंय, काहींनी राजगडही दाखवलाय. त्यामुळे पोरांना घेऊन उत्तर अटलांटिकच्या बेटांवर कसं भटकायचं हे सांगण्याआधी आकड्यांचा भ्रम काढून टाकू. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड नावाचा बेटांचा पुंजका आहे. तिथलं सगळ्यात उंच टोक रोनास हिल, ४५० मीटर. आपण आत्ता पंख्याखाली बसलोय ती पुण्याची जमीनच ५६० मीटरवर आहे! त्याच्या पलीकडे, आइसलंड आणि नॉर्वेच्या मधोमध, फॅरो बेटं. एकूण अठरा. तिथलं सर्वोच्च शिखर ८८० मीटर, म्हणजे सिंहगडाच्या माथ्यापेक्षा चांगलंच खाली. हे आकडे बघून आपला माणूस म्हणतो, हे तर पोराटोरांचं काम.

आहेच ते पोराटोरांचं काम. पण आपण सह्याद्रीत जी मापं लावतो, म्हणजे चढ किती, अंतर किती, पाणी कुठे, ती तिथे फारशी उपयोगाची नाहीत. तिथे दोनच गोष्टी बघायच्या: आज वारा किती आणि परतीची बोट कधी.

वाऱ्याबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण तो आपल्या सवयीचा नाही. पावसाळ्यात नाणेघाटात उलटा धबधबा बघायला गर्दी होते. कड्यावरून पडणारं पाणी वारा वर फेकतो. फॅरोमध्ये हे दृश्य कुठल्याही ऋतूत, कुठल्याही कड्यावर दिसू शकतं. शेटलंडमध्ये तुम्ही कुठेही उभे राहा, समुद्र पाच किलोमीटरच्या आत असतो. झाडं जवळजवळ नाहीत. वारा आणि मेंढ्या, दोघांनी मिळून ती वाढू दिलेली नाहीत. म्हणजे आडोसा नाही. आपल्याकडे वारा खिंडीत किंवा माचीच्या टोकावर भेटतो, तिथे तो गाडीचं दार उघडतानाच भेटतो. भाड्याच्या गाडीचं दार वाऱ्याने उलटं फिरून मोडण्याचे प्रकार तिथे होतात. म्हणून गाडी लावतानाच तोंड वाऱ्याकडे करायचं आणि मुलांना सांगून ठेवायचं की दार आम्ही उघडणार.

आता थोडं गणित. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. ताशी २० किलोमीटरचा वारा गंमत वाटतो, ४० चा चौपट ढकलतो. सत्तर किलोचा बाप उभा राहील, वीस किलोची पोरगी नाही राहणार. फ्रान्सिस ब्यूफर्ट नावाच्या नौदल अधिकाऱ्याने १८०५ मध्ये वाऱ्याच्या पायऱ्या ठरवल्या, त्या आजही वापरतात. पाचवी पायरी ताशी साधारण २९ ते ३८ किलोमीटर, सहावी ३९ ते ४९. सहावीला छत्री धरणं अवघड होतं, सातवीला वाऱ्याच्या तोंडावर चालताना त्रास होतो. आमच्या घरचा नियम असा: पाचवीपर्यंत कुठेही, सहावीला कड्याकडे जायचं नाही, त्यापुढे संग्रहालय आणि केक. अंदाज बघताना सरासरी वेगावर जाऊ नका, झोताचा आकडा वेगळा दिलेला असतो, तो बघा. माणूस पडतो तो झोताने.

इथे एक खाचखळगा आहे. फॅरोचे अंदाज मीटर प्रति सेकंदात येतात. पंधरा हा आकडा बघून आपल्याला वाटतं, ठीक आहे. त्याला ३.६ ने गुणा. ताशी ५४ किलोमीटर, म्हणजे सातवी पायरी. ब्रिटनमध्ये हेच मैलांत असतं. मोबाइलच्या अॅपमध्ये एकक बदलून घ्या, म्हणजे सकाळी अर्धवट झोपेत गुणाकार करावा लागणार नाही.

दिशाही बघा. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल तर कड्याची वाट त्या दिवशी बाद. त्याच बेटावर डोंगराच्या आड मात्र छान शांत किनारा सापडतो. म्हणून आधीपासून एकच ट्रेक ठरवून जाऊ नका. दोन-तीन वाटा हाताशी ठेवायच्या आणि सकाळी वारा बघून निवडायची.

थंडीचं म्हणाल तर तापमान ऐकून घाबरायला होत नाही. अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे तिथे हिवाळाही त्या मानाने सौम्य असतो. पण हवा १० अंश आणि वारा ताशी ४० किलोमीटर असेल तर अंगाला ती सहाच्या आसपास लागते. चालणाऱ्याला हे जाणवत नाही, कारण तो स्वतः तापलेला असतो. पाठीवरच्या कॅरिअरमधलं बाळ मात्र नुसतं बसलेलं असतं. बाप घाम पुसतोय आणि मागे बाळाचे पाय गार पडलेत, हे मी पाहिलंय. दर थोड्या वेळाने कॅरिअर उतरवा, मोजा काढून पावलं हातात धरून बघा. नुसतं गालाला हात लावून भागत नाही. शिवाय ते कॅरिअर शिडासारखं वारा धरतं, तेव्हा जोराच्या वाऱ्यात बाळ पुढे, पोटाशी बांधलेलं बरं.

कुठे जायचं? मला विचाराल तर पहिली खेप शेटलंडची. तिथे सेंट निनियन्स आयल नावाचं चिमुकलं बेट आहे. दोन्ही बाजूंना समुद्र आणि मधून वाळूची नैसर्गिक पट्टी. तिच्यावरून चालत बेटावर जायचं. पलीकडे जुन्या चर्चचे अवशेष आहेत. १९५८ च्या जुलैमध्ये तिथे उत्खनन चालू होतं. मदतीला आलेल्या एका शाळकरी मुलाला दगडी लादीखाली लाकडी पेटी सापडली. आत चांदीच्या २८ वस्तू: वाडगे, आभूषणाच्या पिना, तलवारीच्या मुठीचे भाग. आणि त्यांच्यासोबत पॉरपॉइजच्या, म्हणजे डॉल्फिनसारख्या एका जलचराच्या जबड्याचं हाड! हे हाड तिथे का ठेवलं, यावर विद्वानांच्या आधी आपली मुलं तर्क लढवतात. ही गोष्ट वाळूच्या पट्टीवर पाऊल टाकायच्या आधी सांगा, परतीला ‘पाय दुखतात’ ऐकू येत नाही. तो ऐवज आता एडिनबरोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

दुसरं मूसा. उन्हाळ्यात छोटी बोट नेते. बेटाला फेरी मारायला दोन-अडीच तास धरा. तिथे ब्रॉक आहे, दोन हजार वर्षांहून जुना गोल दगडी बुरूज, १३ मीटर उंच. ना चुना, ना कसला गारा, नुसता दगडावर दगड. आपण किल्लेवाले लोक, त्यामुळे तिथे आपल्याला जरा जास्तच वेळ लागतो. भिंत दुहेरी आहे आणि जिना त्या दोन भिंतींच्या मधून वर चढतो. मुलं आधी वर, आपण मागून वाकून. त्याच दगडांच्या फटींत चिमणीएवढे समुद्रपक्षी, स्टॉर्म पेट्रेल, घरटी करतात. दिवसा ते दिसत नाहीत, अंधार पडल्यावर येतात.

पक्ष्यांचं आणखी एक. आर्क्टिक टर्नच्या घरट्याजवळून गेलात तर तो थेट डोक्यावर येतो आणि चोच मारतो. तो सगळ्यात उंच गोष्टीवर झेपावतो, म्हणून काठी डोक्याच्या वर धरायची आणि तिथून लवकर निघायचं. पफिन जमिनीत बिळं करून राहतात. वाट सोडून गवतावर पाय टाकला की बीळ ढासळू शकतं. हे आपल्या ग्रुप फोटोवाल्यांनी खास लक्षात ठेवावं.

फॅरोला जाणाऱ्यांना दोन सूचना. तिथली जमीन खासगी आहे आणि मिकिनेस बेट किंवा काल्सोय बेटावरच्या दीपगृहाची वाट अशा ठिकाणी पैसे भरावे लागतात. ‘चालायचे कसले पैसे?’ अशी कुरकूर मी आपल्या लोकांकडून ऐकली आहे. कास पठारावर भरतोच की आपण! लोकांची चराऊ कुरणं आपण तुडवतो, त्यांनी घ्यावेत. स्कॉटलंडमध्ये मात्र २००३ च्या कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्या कुणालाही जवळपास सगळीकडे चालायचा हक्क आहे. फक्त कुरणाची फाटकं जशी असतील तशी ठेवायची. काल्सोयला मुलं बरोबर असतील तर दीपगृहापाशी थांबा. त्यापुढची धार अरुंद आहे आणि फोटोत ती फार सोपी दिसते.

दुसरी सूचना व्हिसाची. फॅरो डेन्मार्कच्या राज्याचा भाग असले तरी शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या देशांत, नाहीत. अर्ज करतानाच फॅरोचा उल्लेख करून घ्या.

बोटीबद्दल एवढंच की खवळलेल्या समुद्रात ती रद्द होते, आणि मिकिनेसची तर हमखास होते. परतीचं विमान दुसऱ्या दिवशी असेल तर त्या बेटावर जाऊ नका. सॅकमध्ये एका रात्रीचं खाणं, औषधं आणि मुलांचे कोरडे कपडे असू द्या. शेंगदाण्याची चिक्की वाऱ्यात उभ्या उभ्या खाता येते, पोळीभाजीचा डबा उघडलात की पोळी उडालीच समजा.

एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे: सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत, गुडघे दुखतात, त्यांना नेता येईल का? ताई, जरूर न्या. शेटलंडच्या दक्षिण टोकाला समबरा हेड आहे. गाडी बरीच वर जाते, पुढे दीपगृहापर्यंत पक्का रस्ता, आणि कड्याच्या कडेला दगडी भिंत. त्या भिंतीवर हात टेकून काही हातांवरचे पफिन बघता येतात. वाटेत विमानतळाची धावपट्टी रस्ता ओलांडते, विमान आलं की रेल्वेसारखं फाटक पडतं. त्यांना आणि नातवंडांना दोघांनाही ते आवडेल. फक्त जायचं मे अखेरीस किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात, शाळा सुरू व्हायच्या आत. तेव्हा रात्री दहापर्यंत उजेड असतो. गणपतीच्या सुट्टीचा बेत करू नका, पफिन ऑगस्टच्या सुरुवातीलाच समुद्रावर निघून जातात.