कार्ड नंतर, आधी झाकण काढा

मंडळी, मला येणाऱ्या फोनची सुरुवात ठरलेली असते. "दादा, पंचवीस हजारांत कुठलं ग्राफिक्स कार्ड घेऊ?" मी म्हणतो, कॅबिनेटचं झाकण काढ आणि एसएमपीएसवरच्या, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या युनिटवरच्या, स्टिकरचा फोटो पाठव. पलीकडे शांतता. कार्डांचे व्हिडिओ पन्नास बघून झालेले असतात, पण स्वतःच्या डब्यात काय आहे ते बघितलेलं नसतं.

माझ्या भाच्याचंच सांगतो. एका ऑफिसातून निघालेला जुना टॉवर त्याने स्वस्तात उचलला. मशीन ठणठणीत. त्यात बसवायला त्याने आठ पिनची वायर लागणारं कार्ड आणलं. उघडून बघतो तर एसएमपीएस 240 वॉटचा आणि त्यातून कार्डासाठी एकही वायर निघालेली नाही. दुकानदाराने त्याला वर एक कन्व्हर्टर दिला होता. एका टोकाला हार्ड डिस्कची साटा पिन, दुसऱ्या टोकाला आठ पिन. "लाव बिनधास्त, चालतं." मी तो काढून खिशात टाकला.

का, ते समजून घ्या. मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त 75 वॉट मिळतात. सहा पिनच्या वायरीतून आणखी 75, आठ पिनच्या वायरीतून 150. साटाची पिन 12 व्होल्टवर साडेचार अँपिअरची, म्हणजे जेमतेम 54 वॉट. तिच्याकडून 150 मागितले तर आधी प्लास्टिकचा वास येतो, मग धूर. भाच्याने ते कार्ड बदलून आणलं आणि आरटीएक्स 3050 चं 6 जीबीचं मॉडेल बसवलं. ते 70 वॉटमध्ये भागवतं, त्यामुळे सहसा वेगळी वायर लागतच नाही. पण सावध. 3050 याच नावाचं 8 जीबीचं कार्डही आहे, ते 130 वॉट खातं आणि आतली चिपही जास्त ताकदीची. नाव एक, माल दोन. कंपन्यांची ही खोड मला अजिबात आवडत नाही.

असेंबल्ड पीसी असेल तर सोपं, एसएमपीएस बदलता येतो. ब्रँडेड पीसीत पुष्कळदा त्याचा आकार आणि पिना कंपनीच्या स्वतःच्या असतात, बाजारातला बसत नाही. आणि हो, यूपीएस! घराघरांत 600 व्हीएचा यूपीएस असतो, त्यातून निघतात साधारण 360 वॉट. एरवी कळत नाही; ऐन गेममध्ये लाइट गेली की यूपीएस ओरडतो आणि सगळंच बंद.

मॉनिटरचं थोडक्यात. 1920 बाय 1080 म्हणजे सुमारे 21 लाख पिक्सेल, फोर-के म्हणजे 83 लाख. पहिल्यासाठी दुसऱ्याचं कार्ड घेऊ नका. प्रोसेसर जुना असेल तर एक प्रयोग करा. आत्ताच्या कार्डावर गेमचं रिझोल्यूशन कमी करून बघा. फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) वाढल्या तर कार्ड दमलंय. वाढल्या नाहीत तर बहुधा प्रोसेसरच अडवतोय, आणि नवं कार्ड घालूनही तो अडवणारच.

जुन्या मदरबोर्डवाल्यांनी आणखी एक बघायचं. आरएक्स 6500 एक्सटी हे कार्ड पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे कार्ड बसतं त्या स्लॉटच्या, चारच लेन (डेटाच्या वाटा) वापरतं. चौथ्या पिढीच्या स्लॉटमध्ये निभावतं. तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर तीच वाट निम्मी होते आणि 4 जीबी मेमरी भरली की गेम अडखळतो. स्वस्त म्हणून हेच कार्ड जुन्या पीसीवाल्यांच्या गळ्यात पडायचं.

सेकंडहँडचं काय? इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग, म्हणजे ग्राफिक्स कार्डं रात्रंदिवस चालवून ते चलन कमावणं, 15 सप्टेंबर 2022 ला बंद पडलं आणि मायनिंगची कार्डं बाजारात लोटली. ती घ्यायचीच नाहीत, असं मी म्हणणार नाही. चिप सहसा टिकते. पंखे झिजतात, उष्णता वाहून नेणारे थर्मल पॅड सुकतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलात किंवा कुणाच्या घरी, कार्ड अर्धा तास लोडवर चालवून दाखवायला सांगा आणि कान पंख्याकडे ठेवा. घरघर आली तर पंखा बदलायचा खर्च धरून भाव करा. विक्रेता "वेळ नाही" म्हणाला तर नमस्कार करून निघा.

परवा एक काका वैतागून आले. नवं कार्ड, नवा एसएमपीएस, सगळं चोख, तरी गेम पूर्वीसारखाच रखडतोय. मी मागे वाकून बघितलं. मॉनिटरची केबल नव्या कार्डात नाही, अजून मदरबोर्डच्याच पोर्टात होती.