मैत्री, मुलगे-मुली आणि ३.८४

[दृश्य: कॉलेज रोड, संध्याकाळ]

नाशिकचा कॉलेज रोड. कुठे नुसती पोरं, कुठे नुसत्या पोरी, कुठे सरमिसळ. "पोरींचं पोरींशीच जमतं," असं इथं कुणीही छातीठोकपणे सांगेल. तपासून कोण बघतं?

प्रश्न साधा आहे. मैत्री करताना समोर मुलगा आहे की मुलगी, याने तुम्हाला फरक पडतो का?

आकडे आपण कल्पनेतले घेऊ. समजा, १२० मुली आणि ८० मुलगे. ‘फरक पडत नाही’ म्हणणाऱ्या मुली ७०, मुलगे ३०. मिळून १००, म्हणजे निम्मे. मुलगा-मुलगी असण्याचा उत्तराशी काही संबंधच नसता, तर मुलींतल्याही निम्म्या, ६०, आणि मुलग्यांतलेही निम्मे, ४०, असंच म्हणाले असते.

[दृश्य: फळ्यावर चार चौकटींचा तक्ता]

मुली आणि मुलगे, ‘फरक पडतो’ आणि ‘पडत नाही’, अशा चार चौकटी. चारहींत अपेक्षेपेक्षा १०चा फरक. त्याचा वर्ग करायचा, अपेक्षित आकड्याने भागायचं, चारही उत्तरं मिळवायची. बेरीज ८.३३.

ही काय-वर्ग (chi-square) चाचणी. संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांनी १९०० साली मांडलेली. अशा तक्त्यांना ती नेमकी कशी लावायची, हा घोळ रोनाल्ड फिशर यांनी १९२२मध्ये निस्तरला. चार चौकटींसाठी रूढ मर्यादा ३.८४. संबंध नसताना निव्वळ योगायोगाने बेरीज तिच्यावर जाण्याची शक्यता ५ टक्के. आपली बेरीज चांगलीच वर आहे, म्हणजे हा फरक निव्वळ योगायोग म्हणून सोडून देणं कठीण.

आता माणसं कमी करू. २४ मुलींपैकी १४, १६ मुलग्यांपैकी ६. टक्केवारी तीच, पण बेरीज येते १.६७! संबंध नाही असं यातून ठरत नाही. फक्त चाळीस जणांच्या जिवावर तो आहे म्हणता येत नाही.

[दृश्य: कट्ट्यावर पाच जणी, एकीच्या हातात फॉर्म]

खरी मेख मात्र इथे आहे. घोळक्यात विचारलं की पहिली बोलते, बाकीच्या "हो ना, सेम!" म्हणून मोकळ्या. कागदावर पाच उत्तरं, प्रत्यक्षात एकच. ही चाचणी प्रत्येक उत्तर स्वतंत्र धरते, त्यामुळे गणित चोख येऊनही निष्कर्ष फसतो. म्हणून फॉर्म एकेकट्याला द्यायचा. शिवाय संध्याकाळी सातच्या आत घरी पोचावं लागणारी सातपूरची मुलगी या कट्ट्यावर सापडणारच नाही. तिला गाठायचं तर सकाळी, पहिल्या लेक्चरच्या आधी, कॉलेजच्या पार्किंगमध्ये.