आकाराने ठरणारा रंग

श्रोतेहो, नमस्कार.

कॅडमियम सेलेनाइड या पदार्थाचा मोठा खडा काळपट दिसतो आणि अतिनील दिव्याखाली धरला तरी डोळ्यांत भरावे असे काही घडत नाही. त्याच पदार्थाचे दोन-तीन नॅनोमीटर जाडीचे स्फटिक द्रावकात विखुरले आणि तोच दिवा लावला, तर बाटली निळसर हिरवी उजळते. स्फटिक सहा नॅनोमीटरच्या आसपास असतील, तर लाल. पदार्थ तोच, बदलला तो केवळ आकार. या कणांना क्वांटम डॉट म्हणतात. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग, हे लक्षात घेतले की आकारातील हा फरक किती सूक्ष्म आहे ते कळते.

कॅडमियम सेलेनाइड हा अर्धवाहक आहे, म्हणजे वीज धातूपेक्षा कमी आणि काचेपेक्षा जास्त वाहू देणारा पदार्थ. अशा पदार्थावर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवर जातो आणि त्याच्या जागी पोकळी राहते. दोन्ही पुन्हा एकत्र आले की मधली ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर पडते. मोठ्या स्फटिकात ही जोडी मोकळी असते. अतिसूक्ष्म कणात मात्र तिची कोंडी होते आणि तिची ऊर्जा वाढते. तंबोऱ्याची तार आखूड केली की स्वर चढतो, तसा कण लहान केला की रंग लालाकडून निळ्याकडे सरकतो.

हे प्रथम काचेत दिसले. 1981 साली सोव्हिएत रशियात अलेक्सी एकिमोव्ह यांनी कॉपर क्लोराइडचे सूक्ष्म स्फटिक असलेल्या काचेत हा परिणाम नोंदवला, आणि त्यांच्या कामाची कल्पना नसताना अमेरिकेत लुई ब्रस यांना 1983 साली तोच परिणाम द्रवात तरंगणाऱ्या कणांत आढळला. खरी अडचण मात्र सर्व कण सारखे करण्याची होती, कारण लहानमोठे कण मिसळले की रंग फिकट आणि पसरट होतो. 1993 साली मुंगी बावेंडी यांच्या गटाने सुमारे तीनशे अंश सेल्सिअस तापलेल्या द्रवात कच्ची द्रव्ये एका झटक्यात सोडली. त्यामुळे स्फटिकांची बीजे जवळजवळ एकाच वेळी तयार झाली आणि पुढे बरोबरीने वाढली. अशा चंबूकडे पाहत राहिले तर द्रव पिवळा, मग नारिंगी, मग लाल होत जातो, आणि हव्या त्या रंगाला वाढ थांबवता येते. या तिघांना 2023 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. माझ्या मते त्यात बावेंडी यांचा वाटा उपयोगाच्या दृष्टीने सर्वांत मोठा आहे.

घरातील काही टीव्हींच्या पडद्यामागे निळे एलईडी असतात आणि त्यांचा काही प्रकाश क्वांटम डॉटच्या पातळ थरातून जाताना शुद्ध हिरवा आणि लाल होतो. कॅडमियम विषारी असल्याने युरोपीय नियमांत त्याचे प्रमाण 0.01 टक्क्यावर रोखले आहे, म्हणून आता कॅडमियम नसलेल्या इंडियम फॉस्फाइडच्या कणांकडे कल आहे.

दूरसंचारात वेगळीच गरज असते. काचतंतूतून माहिती वाहून नेणारा लेसर तापला की त्याला अधिक वीज लागू लागते. क्वांटम डॉटच्या लेसरमध्ये हा त्रास कमी होईल, असे भाकीत अराकावा आणि साकाकी या जपानी शास्त्रज्ञांनी 1982 सालीच केले होते. आज गॅलियम आर्सेनाइड या अर्धवाहकावर वाढवलेले इंडियम आर्सेनाइडचे क्वांटम डॉट 1.3 मायक्रोमीटरच्या अदृश्य प्रकाशात हे काम करतात.

नाशिककरांना चमकणाऱ्या सूक्ष्म कणांची आणखी एक शाखा जवळची वाटावी. नाशिकरोडच्या मुद्रणालयात नोटा छापल्या जातात आणि अतिनील दिव्याखाली नोटेवरील क्रमांक चमकतो, हे सराफ बाजारातील कोणताही गल्लेवाला दाखवील. पण तशी चमकणारी शाई नकली माल करणाऱ्यालाही सापडू शकते. त्यापुढची पायरी म्हणून इटर्बियम आणि एर्बियम ही धातू मूलद्रव्ये मिसळलेले नॅनोकण अभ्यासले जात आहेत: ते 980 नॅनोमीटरचा अदृश्य अवरक्त प्रकाश घेतात, दोन-दोन फोटॉनांची, म्हणजे प्रकाशकणांची, ऊर्जा एकत्र करतात आणि हिरवा प्रकाश देतात. हे सामान्य शाईला जमत नाही.

दिंडोरीकडच्या पॉलिहाउसधारकांनी आणखी एका प्रयोगावर नजर ठेवावी. छताच्या प्लास्टिक फिल्ममध्ये क्वांटम डॉट घालून अतिनील आणि निळा प्रकाश पिकाला उपयोगी नारिंगी-लाल प्रकाशात बदलण्याच्या चाचण्या परदेशात झाल्या आहेत. ऊन, ओल आणि हवेतील ऑक्सिजन यांनी कणांची चमक मंदावते, म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न उत्पादनवाढीचा नव्हे, तर फिल्म किती हंगाम टिकते याचा विचारावा.