आवाज मागून येतोय
(लघु माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य : मार्केट यार्ड, पहाट. पिकअपच्या रांगा, लाल कांद्याच्या गोण्या.]

डिसेंबर-जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वर बाजार समितीत पहाटे शिरायचं, तर गाड्यांच्या रांगेतूनच वाट काढावी लागते. मोहोळ, माढा, बार्शी, करमाळा, मंगळवेढा. हद्दीपलीकडून इंडी आणि आळंद. शेताच्या बांधापासून लिलावाच्या जागेपर्यंत कांदा आणते ती मुख्यतः ही, पिकअप.

कांद्याकडे नंतर बघू. आधी या गाडीच्या मागच्या पाट्यांकडे, म्हणजे मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगकडे बघा. ते कमानीत असायला हवेत. इथं ते सरळ झालेत, पलीकडच्या गाडीचे तर उलटे वाकलेत. कांद्याची गोणी साधारण 50 किलोची. दीड टनाच्या गाडीत 30 गोण्या चढल्या की माप भरलं. हिच्यात त्यापेक्षा कितीतरी जास्त आहेत, ते मोजायची गरज नाही, दिसतंच आहे. भाडं गोणीवर ठरतं, म्हणून गोण्या वाढत जातात. पाटे बसायला लागले की मालक जादा पाटे टाकून घेतो. गाडी पुन्हा उंच दिसते आणि सगळ्यांना वाटतं, झेपतंय. पण पाट्यांच्या खाली, दोन चाकांच्या मधोमध, जे गोल हाऊसिंग, म्हणजे डिफ्रन्शियलचं लोखंडी कवच लटकलंय, त्याच्या आतल्या गिअरचे दात मात्र कंपनीनं दिले तेवढेच असतात.

[दृश्य : हैदराबाद रस्ता, चालत्या गाडीतून. फक्त गाडीचा आवाज, संगीत नाही.]

हा आवाज नीट ऐका. ऊंऽऽ असा एकसुरी, वेगाबरोबर चढत जाणारा. ड्रायव्हरनं ॲक्सिलरेटर सोडला... गेला. पुन्हा दाबला... आला. पाय दाबल्यावर येणारा आवाज म्हणजे क्राऊन आणि पिनियन या आतल्या दोन मुख्य गिअरच्या दातांची ओढणारी बाजू बोलतेय. पाय सोडल्यावर येत असेल तर दातांची दुसरी बाजू, किंवा ढिला झालेला पिनियन. फक्त वळणावर कडकड येत असेल तर आतले लहान स्टार गिअर. पाय दाबा नाहीतर सोडा, घरघर चालूच, तर बेअरिंग. आणि गाडी उचलताना एकदाच ‘ठण्ण’ होत असेल, तर आधी इंजिनाची ताकद मागे आणणाऱ्या जॉईंट शाफ्टचा क्रॉस तपासायचा, उगाच हाऊसिंग खोलायचं नाही.

अनुभवी मिस्त्री गाडीत बसून दोन किलोमीटर जाऊन येतात आणि एवढं सगळं सांगतात. सोलापुरात असे कान असलेली माणसं आहेत. आपण त्यांच्याकडे जातो ते मात्र आवाज थांबल्यावर, म्हणजे गाडीच थांबल्यावर.

[दृश्य : अक्कलकोट रस्त्यावरचं गॅरेज. गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर उचललेली. ड्रेन बोल्ट सुटतो, तेल ट्रेमध्ये पडतं.]

हे तेल बघा. नवीन असताना ते पिवळसर, पारदर्शक असतं. हे काळं आहे आणि उन्हात चमकतंय. ती चमक तेलाची नाही, लोखंडाच्या कणांची आहे. बोल्टच्या टोकाला चुंबक असतं, त्यावर साचलेली ही राखाडी लगदी म्हणजे दातांचं झिजलेलं पोलाद. थोडी बारीक लगदी कुठल्याही गाडीत सापडते. तिच्यात बोटाला टोचणारा तुकडा सापडला, की पुढचं काम लांबणार.

मिस्त्री विचारतात, “ओ मालक, ह्यातलं तेल कधी बदललंय?”

“घेतल्यापासनं तसंच हाय की.”

इंजिनाचं तेल सगळे बदलतात, कारण सर्व्हिसिंगच्या कार्डावर ते पहिल्या ओळीत असतं. हाऊसिंगमधल्या दोनेक लिटर तेलाकडे कुणी वाकून बघत नाही. कुणी बघितलंच, तर हाताशी असलेलं इंजिन ऑइल ओतून मोकळा होतो. ते चालत नाही. का, ते समजायला आतला गोळा बाहेर काढावा लागेल.

[दृश्य : दोन्ही बाजूंचे एक्सल ओढले जातात. जॉईंट शाफ्ट खाली. संपूर्ण डिफ्रन्शियल टेबलावर.]

हे मोठं चक्र म्हणजे क्राऊन. हा लांबोडका दांडा, टोकाला दात असलेला, म्हणजे पिनियन. समजा पिनियनला 9 दात आहेत आणि क्राऊनला 41. मग पिनियन साडेचार वेळांहून थोडा जास्त फिरतो तेव्हा चाक एकदा फिरतं. वेग कमी होतो, ताकद तितक्याच पटीनं वाढते. इंजिनाकडून उभा आलेला फिरवा इथं काटकोनात वळून चाकांकडे जातो. म्हणजे गोण्यांचं वजन खेचणारी सगळी ताकद एका वेळी दोन-तीन दातांवर टेकलेली असते.

आणि क्राऊनच्या पोटात हे चार लहान गिअर. वळणावर बाहेरच्या चाकाला लांबचा पल्ला असतो, आतल्याला जवळचा. खळ्यावर मळणीची पात फिरायची तेव्हा तिवड्याजवळचा, म्हणजे मधल्या खांबाजवळचा बैल जागेवरच पावलं टाकायचा आणि कडेचा बैल जवळजवळ पळायचा; एकाच दावणीत असून दोघांची चाल वेगळी. चाकांना ती मुभा हे चार गिअर देतात. फ्रान्समधल्या ओनेसिफोर पेकर नावाच्या घड्याळजीनं 1827 मध्ये वाफेच्या गाडीसाठी या रचनेचं पेटंट घेतलं. आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक पिकअपच्या मागे तीच कल्पना फिरतेय. एका घड्याळजीच्या डोक्यातून निघालेली वस्तू आपल्या काळ्या रानात कांदा ओढते, हे मला या टेबलापाशी उभं राहिल्यावर फार मोठं वाटलं.

आता पिनियन नीट बघा. तो क्राऊनच्या बरोबर मध्यावर येत नाही, थोडा खाली सरकवलेला आहे. याला हायपॉइड म्हणतात. त्यामुळे दात मोठे करता येतात, जास्त ताकद पेलते, आवाज कमी होतो. पण दात एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, घासत सरकतात. या घासण्यात साधं तेल पिळून बाहेर जातं आणि पोलाद पोलादाला लागतं. म्हणून इथं गंधक आणि फॉस्फरसची रसायनं असलेलं खास गिअर ऑइल लागतं. डब्यावर त्याचा दर्जा जीएल-5 असा लिहिलेला असतो, दुकानात लोक घट्टपणाच्या आकड्यावरून ‘नव्वद नंबर’ म्हणून मागतात. दाब आणि उष्णता वाढली की ही रसायनं दातांवर पातळ थर धरतात. इंजिन ऑइलमध्ये ही सोय एवढ्या दाबाला पुरेल इतकी नसते.

[दृश्य : क्राऊनचा क्लोजअप. तुटलेले दात, निळसर पडलेला भाग.]

हा निळसर रंग उष्णतेचा. इथं पृष्ठभागाचे पोपडे निघालेत. आणि हे दोन दात बुंध्यातून गेलेत. ते आज तुटले, पण पोपडे कितीतरी महिन्यांचे आहेत. तेल कमी पडलं की पहिला उपाशी राहतो तो पिनियनचा पुढचा बेअरिंग, कारण क्राऊननं उडवलेलं तेल त्याच्यापर्यंत सगळ्यात शेवटी पोचतं. बेअरिंग झिजला, पिनियन हलायला लागला, दात मधोमध टेकायचे ते कडेवर टेकायला लागले. कडेवर एवढं वजन किती दिवस टिकणार?

तेल गेलं कुठं, तेही इथं दिसतंय. हाऊसिंगच्या वर हा छोटा ब्रीदर. आत तेल तापलं की हवा फुगते, ती इथून सुटते. या गाडीत तो काळ्या मातीनं बुजलाय. हवेला वाट नाही, मग ती ऑइल सील ढकलते आणि तेल थेंबाथेंबानं रस्त्यावर. सीलभोवती मातीचा हा ओला कडा बघा. ही खूण कुणालाही दिसते, पाना न लावता.

[दृश्य : पावसानंतरचं रान. भरलेली पिकअप रुतलेली, एक चाक गरगर फिरतंय.]

आपल्याकडे आणखी एक गोष्ट होते. एक चाक चिखलात मोकळं फिरतं, दुसरं जागेवर. मोकळं चाक नेहमीच्या दुप्पट वेगानं फिरतं आणि तो सगळा फरक त्या चार लहान गिअरवर आणि त्यांच्या वॉशरवर पडतो. ड्रायव्हर रेस वाढवत राहतो. मग चाकाखाली दगड टाकतात, चाक एकदम पकडतं आणि सगळा धक्का दातांवर. ट्रॅक्टर बोलवायला लाज कसली? दोरखंड लावा, गोण्या उतरवा, पण फिरत्या चाकाखाली दगड टाकू नका.

[दृश्य : मिस्त्रींचे हात. शिम, डायल गेज, दातांवर रंग.]

नवा क्राऊन-पिनियन आलाय. दोन्हींवर एकच नंबर कोरलेला आहे, कारण कारखान्यात ते एकमेकांवर घासून जोडीनं तयार होतात. जुन्या बाजारातून एकटा पिनियन आणून बसवला तर तो या क्राऊनचा कधीच होत नाही.

आधी पिनियनची खोली. मागे कागदासारख्या पातळ शिम घालून तो आत किंवा बाहेर सरकवतात. मग बेअरिंगचा ताण. हातानं फिरवताना एकसारखा जडपणा लागला पाहिजे, अडखळता नाही. मग बॅकलॅश, म्हणजे दोन दातांमधली मोकळीक. डायल गेजचा काटा हलतोय तो बघा. साधारण 0.15 ते 0.20 मिलिमीटर, अचूक आकडा ज्या त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. मोकळीक कमी राहिली तर दात तापून चिकटतील, जास्त राहिली तर आपटतील.

आता रंग, दात कुठं टेकतात ते कळायला. काही दातांवर लावला, क्राऊन दोन्हीकडे फिरवला. रंगाचा ठसा दाताच्या आतल्या टोकाकडे आलाय. सगळं पुन्हा सोडवलं. एक शिम बदलली. पुन्हा रंग. आता खाली उतरला. पुन्हा सोडवलं. कॅमेरा धरून आमचे हात भरून आले, मिस्त्रींनी मान वर केली नाही. हा बघा, आता ठसा दाताच्या मधोमध.

या कामाचे पैसे देताना लोक घासाघीस करतात. “नुसता गिअर तर बसवलाय.” त्यांनी ही दहा मिनिटं बघावीत, म्हणून आम्ही ती कापली नाहीत.

[दृश्य : नवीन तेल. गाडी घोड्यांवरून खाली.]

जादा गोण्यांची किंमत नुसत्या दुरुस्तीत संपत नाही. गाडी उभी राहिली तेवढे दिवस माल दुसऱ्याच्या गाडीनं गेला. डिफ्रन्शियल चालत्या गाडीत जाम झालं तर मागची चाकं अडकतात. शिवाय जादा वजनाचा दंड, केंद्राच्या 2019 च्या दुरुस्त कायद्यानुसार 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000.

तेल किती भरायचं? लिटर मोजत बसू नका. गाडी सपाट जागी उभी करा. हाऊसिंगच्या अंगावर वरच्या बाजूला दुसरा बोल्ट असतो, तो काढा, करंगळी आत घाला. भोकाच्या खालच्या कडेला तेल लागलं पाहिजे. ब्रीदर पुसा. मागचे दोन्ही टायर एकाच मापाचे ठेवा; एक नवा आणि एक घासलेला असेल तर सरळ रस्त्यावरही ते चार गिअर सतत फिरत राहतात. नवा क्राऊन बसवल्यावर सुरुवातीला भरलेली गाडी लांब पळवू नका, आणि पहिलं तेल लवकर बदला.

मिस्त्रींनी मालकाला एवढंच विचारलं, की परवाच्या बाजाराला किती गोण्या. मालक म्हणाले, “तीसच.”