यादीत वड नाही

मंडळी, सभेला येताना मी पाराजवळ थांबलो. गेल्या महिन्यातल्या वटपौर्णिमेचं सूत वडाला अजून तसंच आहे, पावसानं मळलेलं. त्या सुताखाली पांढरा पट्टा मारून लाल रंगात आकडा घातलाय. रस्त्याच्या मोजणीवाल्यांचा आकडा आहे तो. तुमच्यापैकी बरेच जण म्हणतील, वड तोडायला कायद्यानं बंदीच आहे. माझीही कित्येक वर्षं तीच समजूत होती.

आपल्या राज्यात झाडं तोडण्याबाबतचा कायदा 1964 चा. त्याच्या अनुसूचीतली नावं वाचतो: हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, बिबळा, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन, जांभूळ आणि तिवर. झाली सोळा. यात वड नाही, पिंपळ नाही, उंबरही नाही. ही यादी वाचताना मला दर वेळी वाटतं, की करणाऱ्यानं झाडाकडे लाकूड, फळ आणि कात एवढ्याच नजरेनं पाहिलं. उन्हाळ्यात ज्याच्या फळांवर अख्खं पाखरांचं गाव जगतं, ते झाड त्याला दिसलंच नाही.

यादीतल्या झाडालाही बंदीचं कवच नाही बरं का. कायद्याच्या नावातच ‘विनियमन’ आहे. झाड स्वतःच्या बांधावरचं असलं तरी आधी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घ्यायची, एवढाच त्याचा अर्थ. आमच्या बांधावर आजोबांनी लावलेला रायवळ आंबा होता. लाकडाचा व्यापारी वडिलांना म्हणाला, “काका, परवान्याचं मी बघतो.” तिसऱ्या दिवशी बुंध्यातून चीक गळत होता. परवाना आम्ही कधीच पाहिला नाही. वडिलांनी तो मागितला नाही, आणि मीही नाही. ते मला आजही लागतं.

शहरांसाठी 1975 चा वेगळा कायदा आहे. त्यात 2021 साली दुरुस्ती झाली आणि पन्नास वर्षांचं किंवा त्याहून जुनं झाड ‘वारसा वृक्ष’ ठरलं. म्हणजे हाच वड नगरपालिकेच्या हद्दीत असता तर वारसा म्हणवला असता!

मिरज तालुक्यातल्या भोसे गावचा वड तुम्हाला आठवत असेल. 2020 साली तो महामार्गाच्या आड आला. लोक उभे राहिले, आराखडा बदलावा लागला. दोनच वर्षांनी, 2022 मध्ये, तो पावसात कोसळला. तेव्हापासून मी म्हणतो, बुंध्याबरोबर मुळांखालची मातीही मागून घ्या.

आता आपल्या हातात काय आहे ते सांगतो. जैवविविधता कायदा 2002 चा. त्याप्रमाणे ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, आणि गावातली झाडं, पाखरं, औषधी वनस्पती यांची लोक जैवविविधता नोंदवही ती करते. दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथं रानजायफळाची दलदल आहे, जेमतेम अडीच हेक्टरांची. गावानं देवराई म्हणून राखलेली ती जागा आज जैवविविधता वारसा स्थळ आहे. आपल्या नोंदवहीत पाराच्या वडाला एक ओळही नाही, मी सकाळीच पाहून आलो.

टेप मी आणली आहे. सभा उठली की पारावर या. घेर छातीच्या उंचीवर मोजायचा, जमिनीत उतरलेल्या पारंब्या वेगळ्या मोजायच्या. सूत मात्र काढू नका, त्याच्या वरूनच टेप धरू.